हात जात नाही तिथला नट

सोलापुरी चादरीबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. तिची ऊब, दोन्ही बाजूंनी दिसणारी नक्षी, तिला मिळालेलं भौगोलिक मानांकन, सगळं छापून येतं. ती चादर ज्या मागावर निघते त्या मागाखाली पाठीवर झोपायचं, भिंत आणि ताण्याचा बीम यांच्यातल्या चार बोटं फटीत मनगट घालायचं आणि डोळ्यांना न दिसणारा नट धरायचा, हे मात्र कुणी लिहीत नाही. माझी उभी हयात त्यातच गेली म्हणून मीच लिहितो. मी जॉबर. म्हणजे माग बसवणारा, त्याचं टायमिंग लावणारा आणि माग बंद पडला की मालक आणि कामगार दोघांच्याही शिव्या खाणारा. आधी गिरणीत होतो, गिरणीचा भोंगा थांबल्यावर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आणि पूर्व भागातल्या शेडमध्ये.

पुढे सांगतो त्यातलं बहुतेक कसब उचललेलं आहे. सोलापुरात पाना धरणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, मागून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी आल्या. होटगी रस्त्यावर किर्लोस्करांचं शिवाजी वर्क्स, कुर्डूवाडीला बार्शी लाइट रेल्वेचं वर्कशॉप. या सगळ्या ठिकाणचे फिटर निवृत्त होऊन कुठल्या ना कुठल्या शेडच्या दारात चहा प्यायला यायचे. त्यांच्या बोलण्यातून जे कानावर पडलं आणि हाताला पटलं, तेवढंच इथं आहे.

१. काढतानाच लावायचं बघून ठेवा.

बोल्ट काढणं कुणालाही जमतं. खाली पडला तर पडला, निघाला तर खरा. तोच परत लावताना घाम फुटतो. म्हणून पाना लावायच्या आधी हात आत घालून चाचपून घ्यायचं: नट आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या? वायसर किती, स्प्रिंग वायसर कुठल्या अंगाला? डावा हात पोचतो की उजवा? आता सगळ्यांकडे मोबाइल आहे, तो आत घालून फोटो काढून ठेवावा.

आणि एक प्रश्न विचारावा: हा बोल्ट उलटा घातला तर चालेल का? बऱ्याचदा डोकं आतून आणि नट बाहेरून आला तर निम्मी कटकट मिटते. पण असा बदल केला की माग हाताने फिरवून बघायचा आणि क्रँकचे दोन पूर्ण फेरे घ्यायचे. टॅपेट ज्यावर बसतात तो खालचा शाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो. एका फेऱ्यावर भागवलं तर टॅपेटची अर्धी बाजू बघायची राहते आणि बाहेर आलेलं बोल्टचं टोक नेमकं त्याच अर्ध्यात अडकतं.

२. फ्यूज खिशात.

मागाची मोटार बंद केली म्हणजे झालं असं समजू नका. फ्यूजचं कॅरिअर काढून स्वतःच्या खिशात घाला. आपण आडवे झालेलो असतो, पलीकडच्याला दिसत नाही, तो स्टार्टर दाबतो. आणि दोन भोकं समोरासमोर आली का हे बोट घालून कधी बघू नका. त्यासाठी निमुळती सळई असते.

३. खाली टॉवेल अंथरा.

जेकॉर्डचं, म्हणजे नक्षी काढणाऱ्या यंत्राचं, काम वर, मचाणावर बसून असतं. खाली ताण्याचे हजारो धागे ताणलेले. वरून एक साधा वायसर निसटला तर तो धाग्यांवर आपटतो, उडतो आणि फणीच्या पुढे कुठंतरी जाऊन बसतो. तो सापडला नाही आणि माग सुरू झाला की फणीचा पहिलाच ठोका त्याच्यावर बसतो. फणीचे दात वाकतात, धाग्यांचा झुबका तुटतो आणि ते जोडत बसण्यात पाळी जाते. चार आण्याच्या वायसरने केलेलं नुकसान मालकाला समजावून सांगणं ही आणखी वेगळी शिक्षा.

आमचे वस्ताद पद्मशाली, घरची भाषा तेलुगू. ते काम सुरू करायच्या आधी सेकंडमध्ये, म्हणजे दोषाच्या मालात, निघालेला एक मोठा टॉवेल ताण्यावर अंथरायचे आणि काढलेला प्रत्येक नट थाळीत टाकताना मोठ्याने मोजायचे, ओकटी, रेंडू, मूडू. शेवटी तेवढेच परत मोजून लावायचे. आकडा जुळेपर्यंत मागाला कुणी हात लावायचा नाही. टेरी टॉवेल यासाठी उत्तम, कारण त्याच्या फासांत पडलेला नट उसळत नाही, जागच्या जागी बसतो. मी पुढं स्कूटरच्या कार्बोरेटरखालीही टेरीच अंथरत आलो. प्लास्टिकच्या ट्रेवर पडलेला जेट उडून गटारात गेलेला मी पाहिला आहे. टॉवेलवरचा कुठंच जात नाही.

४. उचलायचं हत्यार वेगळं, लावायचं वेगळं.

हे कळायला लोकांना फार वेळ लागतो आणि दुकानदार ते कधी सांगत नाही. हार्डवेअरच्या दुकानात लांब लवचीक पंजा मिळतो. मागचं बटण दाबलं की पुढून तीन-चार नख्या उघडतात, सोडलं की मिटतात. पोरं तो हौसेनं घेतात. पडलेला नट खाचेतून काढायला तो पंजा झकास. पण त्यानेच नट बोल्टच्या टोकाला लावायला गेलात तर तो नट तिरका धरतो, मागून दाब देता येत नाही आणि बोल्टचा आटा लागायच्या आत नख्या सुटतात. लवचीक दांडी वळणातून आत जाते खरी, पण वळलेल्या दांडीने फिरवायचा जोर पुढं पोचत नाही.

लावण्यासाठी तीन गोष्टी लागतात: नट सरळ धरला गेला पाहिजे, मागून थोडा रेटा देता आला पाहिजे आणि आटा लागल्यावर हत्यार नट न ओढता मागं आलं पाहिजे. या तिसऱ्या गोष्टीवर जास्तीत जास्त हत्यारं नापास होतात. नट बसतो, हत्यार काढताना परत निघून येतो. दुकानात हत्यार घेताना खिशात एक नट ठेवा आणि तिथंच एका बोल्टवर लावून बघा. दुकानदार तोंड वाकडं करील, करू द्या.

५. चुंबकाला भोवतीचं लोखंडच आधी दिसतं.

चुंबकाची काडी हल्ली फार स्वस्त झाली. पूर्वीची चुंबकं मोठी आणि मरतुकडी असायची. १९८० च्या दशकात जपानमध्ये आणि अमेरिकेत एकाच सुमारास निओडिमियमची चुंबकं तयार झाली आणि पेन्सिलीएवढ्या काडीच्या टोकाला मूठभर नट लटकू लागले. पण हे चुंबक मागाच्या पोटात न्यायचं म्हणजे आधी बाजूच्या साच्याला चिकटतं, तिथून सोडवलं की शाफ्टला चिकटतं. नटापर्यंत पोचेपर्यंत जीव जातो.

यावर उपाय साधा आहे. वायरिंगच्या पीव्हीसी नळीचा तुकडा काडीच्या टोकावर चढवायचा, चुंबकाचं फक्त तोंड उघडं राहील असा. नळीच्या जाडीएवढं अंतर राहतं, त्यामुळं बाजूची ओढ कमी होते आणि काडी सरळ आत जाते.

बाकी चुंबकाच्या मर्यादा माहीत असाव्यात. पितळेचा नट, ॲल्युमिनियमचा रिव्हेट, चांगल्या प्रतीच्या स्टेनलेसचा स्क्रू याला लागत नाही. एका नव्या पोरानं कार्बोरेटरमध्ये पडलेला जेट काढायला चुंबक घातला आणि बराच वेळ ढवळत बसला, तेव्हा शेजारचे म्हातारे मिस्त्री म्हणाले, "का बे, पितळी हाय ते. सकाळपर्यंत बसलास तरी येतंय व्हय?" गरम इंजिनावरही चुंबक विसरू नका, साध्या प्रतीचं निओडिमियम ८० अंशांच्या पुढं तापलं की त्याची ताकद उतरायला लागते आणि ती सगळी परत येत नाही. नव्या रॅपिअर मागांवर सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक कार्डं असतात, तिथं चुंबक न्यायचाच नाही.

स्क्रू ड्रायव्हरचं टोक चुंबकीय करायचं तर जुन्या स्पीकरच्या चुंबकावरून ते एकाच दिशेने घासत न्यायचं. मागंपुढं घासलं तर काही उपयोग नाही. मात्र असं टोक लोखंडी कीस गोळा करतं, म्हणून एक स्क्रू ड्रायव्हर कोरा ठेवावा.

६. रिंग पान्यात कागद.

हे माझं सगळ्यात आवडतं कसब, फुकटचं. टॅपेटच्या मागचा नट असा असतो की पाना जेमतेम जातो, बोटं जात नाहीत. मग रिंग पान्यावर वर्तमानपत्राचा तुकडा ठेवायचा आणि त्याच्यावरून नट दाबून रिंगेत बसवायचा. कागद नट आणि पाना यांच्यात दाबला जातो, नट घट्ट बसतो, पाना उलटा केला तरी पडत नाही. नटाच्या भोकावर कागद आला असेल तर बोल्टचं टोक तो फाडून आत जातं. एका घडीने सैल वाटला तर दोन घड्या. आटे लागले, नट दोन-तीन फेरे चढला की पाना बाजूला ओढायचा. कागद फाटतो आणि नट तिथंच राहतो. वरची तिसरी अट पुरी करणारं याच्याइतकं सोपं हत्यार मी पाहिलं नाही.

बॉक्स पान्यात नट फार आत जाऊन बसतो, आटे बोल्टपर्यंत पोचतच नाहीत. तिथं आधी कापडाचा बोळा कोंबायचा आणि त्याच्यावर नट ठेवायचा, म्हणजे तो पान्याच्या तोंडाशी येतो.

हे सुईत दोरा ओवण्यासारखं आहे. दोरा कितीही चांगला असो, नाकं हलता कामा नये. म्हणून शक्य असेल तर नट धरणारा हात स्थिर ठेवा आणि दुसऱ्या माणसाला बाहेरून बोल्ट फिरवायला सांगा. दोघांनी एकाच वेळी फिरवायला घेतलं की संपलं.

७. आधी उलटा फिरवा.

नट बोल्टच्या टोकाला टेकवला की लगेच आवळायला जाऊ नका. हलका दाब ठेवून तो उलट्या दिशेने, म्हणजे सोडायच्या दिशेने, फिरवा. एका ठिकाणी 'टक्' करून तो किंचित खाली बसतो. आट्याचं तोंड तिथं जुळलं. आता सरळ फिरवा, बोटांच्या जोरानंच चढेल. डोळ्यांना दिसत नसतं तिथं ही 'टक्' हाच आपला डोळा. बोटांनी दोन फेरे चढला नाही तर पाना लावायचा नाही, परत काढून परत बसवायचा. आटा तिरका धरला गेला आणि वरून पान्याचा जोर दिला की दोन्ही गेले.

आता यातली खरी गोम. बोटांनी दोन फेरे चढून मग नट अडकला तर दर वेळी आटा तिरका असतो असं नाही. नट आणि बोल्ट वेगवेगळ्या जातीचे असू शकतात. आमच्या शेडमध्ये गिरण्यांच्या मोडीतून आलेले जुने माग होते. त्यांचे बोल्ट सुती मापाचे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन सुती म्हणजे ३/८ इंच. आटे जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली सुचवलेल्या पद्धतीचे, ५५ अंशांचे. पुढे देशात मेट्रिक मापं आली आणि नवे माग मिलिमीटरचे आले, ६० अंशांच्या आट्यांचे. एकाच डब्यात दोन्ही जातींचे नट पडू लागले.

अडीच सुती बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा. त्यावर ८ मिलिमीटरचा नट ठेवला तर दोन-तीन फेरे छान चढतो, मग जाम. कारण अडीच सुतीच्या आट्यांतलं अंतर १.४१ मिलिमीटर, तर ८ च्या नटाचं १.२५. तीन सुतीवर १० चा नट आणखी फसवतो. ढिला ढिला पार खालपर्यंत जातो, आवळल्यासारखा वाटतो आणि मागाच्या हादऱ्याने आठवड्यात आटे सोलून बाहेर पडतो. ढिल्या नटाचा दोष अनेकदा लावणाऱ्याच्या हाताला देतात, नट मात्र चुकीच्या डब्यातला असतो. दोन डबे करा, एकावर लाल रंग मारा. न दिसणाऱ्या जागी लावायचा नट आधी उजेडात त्याच बोल्टवर पूर्ण चढवून बघा आणि मगच आत न्या.

८. ग्रीस सगळीकडे चालत नाही.

गॅरेजवाले नट चिकटवायला बोटभर ग्रीस वापरतात. इंजिनाला ठीक. मागाला ग्रीस लावलं की कापसाचा बारीक कचरा त्यावर बसतो, त्याचा काळा लगदा होतो आणि कधीतरी तो पांढऱ्या टॉवेलवर पडतो. डाग पडलेला टॉवेल सेकंडमध्ये. त्यामुळं आम्ही मेण वापरायचो. मेण बोटांत मळून मऊ करायचं, एलन कीच्या टोकाला लावायचं, स्क्रू चिकटतो. सोलापूरचा मे महिना असेल, ४३-४४ अंश, पत्र्याची शेड, तर मेणही पाघळतं. तेव्हा अंगाच्या साबणाचा ओलसर तुकडा बरा. आणि घामेजल्या हाताने नट धरू नका. कॉटन वेस्टची शेडमध्ये ददात नाही, दर वेळी बोटं पुसा.

९. सूत आहे, तर सुताने बांधा.

वायसर, स्पेसर, लहान नट खोल जागी न्यायचा असेल तर त्याच्या भोकातून चादरीचं जाड सूत ओवून दोन्ही टोकं बाहेर ठेवा. निसटला तरी लोंबकळतो, हरवत नाही. बोल्ट वायसरातून गेला की एक टोक सोडून दुसरं ओढा, सूत निघून येतं. आट्यात अडकलं तर तुटतं, बिघडत काही नाही. नायलॉन वापरू नका, ते तुटत नाही आणि आट्यात वळसे घेतं.

१०. डॉक्टरांच्या हत्याराची चोरी.

रक्तवाहिनी दाबून धरायला डॉक्टर जो कुलपाचा चिमटा वापरतात तो आर्टरी फोर्सेप. कात्रीसारख्या दोन कड्या, त्यांच्याजवळ दात, एकदा दाबला की आपोआप अडकून राहतो. साधी नोज प्लायर सतत दाबून धरावी लागते, बोटं थकली की नट सुटतो. फोर्सेप दाबला, अडकला, हात मोकळा. नटाची एक कड पकडायची आणि भोक मोकळं ठेवायचं. सरळ आणि वाकडा, दोन्ही सर्जिकलच्या दुकानात मिळतात आणि महाग नसतात. वाकडा आधी घ्या.

पण त्याने पिळायला जाऊ नका. तो धरायला बनवलेला आहे. पीळ दिला की त्याची खीळ ढिली होते आणि मग टोकं समोरासमोर येत नाहीत. पीळ द्यायचाच असेल तर ग्रिप प्लायर आहे. विल्यम पीटरसन नावाच्या डॅनिश लोहाराने अमेरिकेतल्या नेब्रास्कात १९२४ साली त्याचं पेटंट घेतलं ते नेमकं याच कारणासाठी, तुकडा धरून ठेवावा आणि हात मोकळे व्हावेत म्हणून. बोल्टचं गोल झालेलं डोकं आतून धरून ठेवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. फक्त आत तेवढी जागा हवी, आणि ती नसतेच.

११. स्क्रू धरणारा स्क्रू ड्रायव्हर.

चपट्या खाचेच्या स्क्रूसाठी एक गमतीचा स्क्रू ड्रायव्हर येतो. त्याचं पातं मधून उभं चिरलेलं असतं. दांडीवरची नळी पुढं सरकवली की दोन्ही अर्धी पाती एकमेकांपासून फिरतात आणि स्क्रूच्या खाचेत अडकतात. स्क्रू उलटा धरला तरी पडत नाही. स्टार्टर पॅनेलमध्ये, मीटरच्या पेटीत काम करणाऱ्यांकडे हा असायचाच. दोन-तीन फेरे लावून नळी मागं ओढायची आणि शेवटची कस साध्या स्क्रू ड्रायव्हरने द्यायची. चिरलेल्यानेच आवळलात तर पातं तुटतं.

खरं म्हणजे हा त्रास स्क्रूच्या डोक्यातच सोडवता येतो. कॅनडातल्या पीटर रॉबर्टसनने १९०९ साली चौकोनी, किंचित निमुळत्या खड्ड्याच्या स्क्रूचं पेटंट मिळवलं. स्क्रू ड्रायव्हरवर बसवला की तो आडव्या हातातही राहतो, एका हाताने लावता येतो. कॅनडात तो आजही घरोघर आहे. जगभर पसरला तो मात्र १९३० च्या दशकातला अमेरिकेचा फिलिप्स, आपण ज्याला स्टार म्हणतो तो. तो टोक मध्यावर आणतो, पण जोर दिला की स्क्रू ड्रायव्हर वर ढकलला जातो. उजेडात, टेबलावर काम असेल तर फरक पडत नाही. मागाखाली झोपून फार पडतो. आपल्याकडे चौकोनी रुजला असता तर माझ्यासारख्यांची बरीच बोटं सोलवटायची वाचली असती.

१२. आरसा बघायला, फिरवायला नाही.

दातांच्या डॉक्टरांकडचा दांडीचा आरसा आत धरून नट कुठं आहे ते बघावं. आणि आरसा बाजूला ठेवून बोटांनी काम करावं. आरशात बघत फिरवायला गेलात तर आवळलेला नट सुटताना दिसतो आणि डोकं फिरतं.

१३. एक पाना मोडायची तयारी ठेवा.

चांगल्या कंपनीचा पाना जपावा. नाशिकच्या टपारियाचे माझे पाने मुलाच्या हातात आहेत आणि अजून ढिले झाले नाहीत. पण अडचणीच्या जागेसाठी पाना विकत मिळत नाही, तो करावा लागतो. जुन्या बाजारातून वजनावर मिळणारा एखादा १२-१३ चा पाना घ्या. ग्राइंडरवर त्याचं तोंड दोन्ही बाजूंनी घासून पातळ करा, मधेमधे पाण्यात बुडवत. दुसऱ्याची दांडी निम्म्यावर कापा. तिसरा लाल करून वाकवा आणि हवेवर गार होऊ द्या. असे पाने नट थोपवून धरायला. त्यांना पाइप घालून जोर लावायचा नाही, तापवलेल्या पान्याचा कस गेलेला असतो.

याच पेटीत सायकलचे दोन-तीन स्पोक असू द्या. दोन मिलिमीटरची कडक तार, टोकाला आयतं वळण. खाली पडलेला वायसर ओढून काढायला, भोकं जुळवायला, नट बोल्टच्या तोंडाशी ढकलायला. मी विकत घेतलेल्या सगळ्या पंज्यांपेक्षा हा स्पोक जास्त वापरला.

१४. जो नट पुन्हा पुन्हा धरावा लागतो, तो कायमचा धरून ठेवा.

काही जागा दर दोन-चार महिन्यांनी उघडाव्याच लागतात. पिकिंगचा, म्हणजे धोटा फेकणारा, भाग सतत ठोके खातो, तिथले बोल्ट ढिले होणारच. अशा ठिकाणी दर वेळी नट धरण्याची कसरत करण्यापेक्षा लोखंडी पट्टीला भोक पाडायचं, त्यावर नट ठेवायचा, वेल्डिंगचे दोन टाके मारायचे. पट्टीचं दुसरं टोक वाकवून साच्याला अडकेल असं करायचं. मग आत नट फिरत नाही, पडत नाही. बाहेरून एकट्याने बोल्ट आवळता येतो. मोटारगाड्यांच्या पत्र्यात पिंजऱ्यातले नट असतात ते याच कल्पनेचे.

टाके मारताना नटात एक जुना बोल्ट चढवून ठेवा, म्हणजे आट्यांवर ठिणगी उडत नाही आणि नट तिरका होत नाही. आणि वेल्डिंग शेडमध्ये करायचं नाही. कापसाचा कचरा तुळईवर, कोपऱ्यात, मागाखाली सगळीकडे असतो. एक ठिणगी कुठं जाऊन बसली ते तासाभराने कळतं. पट्टी घेऊन बाहेर वेल्डरकडे जा. उशीर झाला तर होऊ दे.

मालक याला खळखळ करतात. "इतकी वर्षं चाललं की तसंच, मिस्त्री." चाललं, कारण तुमचा हात त्यात नव्हता.

१५. भिंत.

या सगळ्या युक्त्यांची निम्मी गरज मागामुळं पडत नाही, मागाच्या जागेमुळं पडते. पूर्व भागात घरालगतच्या शेड आहेत. जागेची किंमत वाढली, एका मागाच्या जागी दीड माग बसला. बीमची बाजू भिंतीला खेटलेली, दोन मागांच्या मधून माणूस आडवा होऊन जातो. तिथं दोन मिनिटांच्या नटाला तास लागतो आणि तेवढा वेळ कामगार हात बांधून उभा. त्याची मजुरी निघालेल्या मालावर असते. माग उभा तर त्याचा दिवस उभा.

म्हणून शेड बांधणाऱ्यांना आणि नवे माग आणणाऱ्या कारखानदारांना एवढीच विनंती: माग बसवायच्या आधी जॉबरला बोलवा, त्याला खाली झोपून मागच्या बाजूला हात घालायला सांगा आणि तो म्हणेल तेवढी जागा भिंतीपासून सोडा. दोन फूट सोडले तरी पुष्कळ झालं.